सिनेमातली डेबरी राजकन्या

सिनेमात चुका काढणाऱ्या माणसाशेजारी बसून सिनेमा पाहू नये, आणि तो माणूस आपला सख्खा धाकटा भाऊ असेल तर तिकीटच काढू नये. माझा भाऊ पवनारला राहतो. मास्तर आहे. लाल पेन शाळेत ठेवून घरी येणं त्याला कधी जमलेलं नाही. लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा तो आधी चुका शोधतो आणि मग मुलगी कोणाची ते पाहतो. तरी माझी साप्ताहिक सुटी होती, भाचीला सिनेमा पाहायचा होता, म्हणून मी आर्वीहून आले आणि आम्ही चौघं वर्ध्याच्या टॉकीजला गेलो. मी, भाऊ, भावजय आणि सहा वर्षांची भाची. आई घरीच राहिली. अंधारात बसून भांडणं पाहायला पैसे कशाला द्यायचे, असं तिचं म्हणणं.

सिनेमा जादूचा होता. एका राजकन्येला तळ्याच्या बुडाशी तलवार सापडते, ती उपसली की नदी उलटी वाहू लागते. आग ओकणारा जादूगार, बोलणारा अजगर, हवेत तरंगणारा किल्ला, सगळं काही होतं. मला आवडला. मी काही गोष्टी समजून घ्यायला सिनेमाला जात नाही. पण राजकन्येनं पहिल्यांदा तलवार उपसली तेव्हा मी खुर्चीत ताठ बसले. तिनं ती डाव्या हातानं उपसली होती.

इथं सांगून टाकते. मी डावखुरी आहे. आमच्याकडे 'डेबरी' म्हणतात, आणि तो शब्द कौतुकानं कोणी उच्चारत नाही. मी आर्वी डेपोत कंडक्टर आहे आणि तिकीट डाव्या हातानंच देते. मध्ये एकदा सोयाबीनचा सौदा करायला निघालेला एक शेतकरी मला म्हणाला, "बाई, तिकीट उजव्या हातानं द्या. कामाले चाललो मी." मी म्हटलं, "डाव्या हातानं देल्लं तं गाडी काय वर्ध्याऐवजी अमरावतीले जाते काय?" गाडीतले सगळे हसले. त्यानं तिकीट घेतलं आणि वर्ध्यालाच उतरला.

पण हा सगळा तोरा गाडीत. ताटावर बसले की मी उजवी. लहानपणी मी डावा हात ताटात घातला की आई तो ओढायची, आपल्या पदराचं टोक माझ्या मनगटाला बांधायची आणि मग मला जेवायला सांगायची. कितीतरी जेवणं मी तशी आईला बांधलेली जेवले. लोकांना वाटायचं, पोरीला आईचा किती लळा! डाव्या हाताला मग सवयच लागली, ताट दिसलं की तो आपणहून मांडीखाली जायचा. पुढं मी नोकरीला लागले, घर चालवलं, केस पांढरे झाले, पण भात कालवायला डावा हात कधी पुढं आला नाही.

आणि आता भाची. तीही डेबरीच निघाली. मी गेल्या खेपेला पवनारला आले तेव्हा पाहिलं, पोरगी जेवायला बसताना दोन्ही हात फ्रॉकखाली लपवून बसली होती. आईनं तिलाही पदर बांधायला सुरुवात केली होती. पोरगी उजव्या हातानं दोन घास खायची, सांडायची, आणि "भूक नाई" म्हणून उठायची. भावजय मला हळूच म्हणाली, "ताई, वजन नाई वाढून राह्यलं हिचं. पण आता जूनमधी पह्यलीत जाईन. शाळेत डब्बा खाताना पोरं हसतीन, म्हणून मीबी काही बोलत नाई." मला राग आला होता. पण दुसऱ्याच्या लेकरात किती बोलायचं, म्हणून मूग गिळून परत गेले.

तर सिनेमा सुटला. भाची पॉपकॉर्नच्या रिकाम्या पुड्याची तलवार करून डाव्या हातानं सपासप फिरवत बाहेर आली. भाऊ म्हणाला, "उजव्या हातात घे." तिनं पुडा खालीच टाकला.

पवनारच्या गाडीत बसल्याबरोबर भावानं मोबाईल काढला. कोण्या एका पोरानं त्या सिनेमातल्या चुकांचा व्हिडिओ टाकला होता आणि तो पाहून भाऊ असा खुश, जसा काही त्याच्या वर्गातला पोरगा बोर्डात आला.

"पाह्य ताई, लागोपाठ तीन रात्री पुनवच दाखवली. चंद्र काय ड्युटीवर हाये?"

"अजगर हिंदी बोलते थे चालते तुले," मी म्हटलं, "अन् पुनव नाई चालत?"

"जादूगार तळ्यातून निंघाला अन् दाढी कोरडी."

"आग ओकते ना थो तोंडातून? दाढी वाळवता येत नसन त्याले?"

भावजय खिडकीकडे तोंड करून हसत होती. इथवर गंमतच चालली होती. मग भाऊ म्हणाला, "अन् ही तं सगळ्यात मोठी चूक. हे पोट्टी तलवार डाव्या हातानं चालवते. अन् पुढच्या सीनमधी जेवते उजव्या हातानं, प्रसादबी उजव्याच हातात घेते. डायरेक्टर विसरलाच ना, आपली हिरोईन डेबरी हाये म्हणून."

माझं डोकं सणकलं. गाडीत मी प्रवासी म्हणून बसले आहे हे विसरून मी कंडक्टरच्या आवाजात बोलले. "चूक? अबे, अख्ख्या सिनेमात थोच एक सीन खरा हाये! डेबऱ्या माणसाले या देशात कोण डाव्या हातानं जेवू देते? राजाची पोरगी झाली म्हणून काय झालं? तिले माय नसन काय? आजी नसन?"

"तसं असतं तं दाखवलं असतं."

"कायले दाखवा लागते? ज्याले माहीत हाये त्याले दिसते."

"नाई वं ताई. लढाईचा सीन उलटा छापला असन. आरशात पाह्यल्यासारखा. म्हणून डावा हात दिसते."

तेव्हा मी त्याच्या हातून मोबाईल घेतला. "हे पाह्य. म्यान पाह्य तिचं. जेवते तेव्हाबी म्यान उजव्या कमरेले हाये. डाव्या हातानं तलवार उपसणारी बाईच म्यान उजवीकडं बांधते. सिनेमा करणारे काही विसरले नाई. त्याईनं जाणूनबुजून केलं."

भावानं व्हिडिओ मागं नेला, थांबवला, बोटांनी मोठा करून पाहिला. एक गुण त्याच्यात आहे, उत्तर बरोबर असलं तर तो मार्क देतो. "हो वं," तो म्हणाला. "खरंच. चूक नाई हे." मी इतकी फुगले की सांगता सोय नाही. पवनारच्या फाट्यावर उतरेपर्यंत मीच ती राजकन्या होते.

घरी हातपाय धुऊन आम्ही जेवायला बसलो. मी आले की आई पाटोडीचा रस्सा करते. बेसनाच्या वड्या, वर झणझणीत पातळ रस्सा, त्यावर तेलाची लाल तर्री, भाकरी आणि भात. भावजय वाढत होती. आईनं भाचीला शेजारी ओढलं, तिचा डावा हात धरला आणि पदराचं टोक मनगटाला बांधलं. पोरीनं उजवा हात ताटाकडं नेला. तिला सवय होऊ लागली होती, आणि मला तेच पाहवेना.

मी तोंड उघडणार तेवढ्यात भाऊच म्हणाला, "आई, आज ताईनं मले हरवलं. सिनेमातली राजकन्या डेबरी होती, पण जेवत होती उजव्या हातानं. मी म्हटलं चूक हाये. ताईनं दाखवून देल्लं, चूक नाई. तिले वळण लावलं होतं. अन् पाह्य, वळण लावलं म्हणून काही बिघडलं नाई तिचं. लढाई जिंकली, राणी झाली. आपली ताईबी पाह्य ना, काही बिघडलं काय? हिचंबी होईन."

आई खुश झाली. "मंग? मी काय वेगळं सांगून राह्यली होती? थो हात धुवाचा हाये. त्यानं जेवाचं नसते."

घ्या! गाडीत वाद जिंकला आणि घरी येऊन स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. त्या पोरीच्या मनगटावरची गाठ मीच आवळली होती, आणि वर भावानं माझं उदाहरणही जोडलं होतं. मला त्याचा राग आलाच, पण स्वतःचा जास्त आला. मी गाडीत काय सिद्ध करत बसले होते? की आमच्यावर जे केलं ते इतकं नेहमीचं आहे की सिनेमातसुद्धा खरं वाटतं? त्याचा मला एवढा आनंद झाला होता?

"थांब," मी म्हटलं. "चूक हाये थे."

"आता? मंघाशी तं खरा सीन म्हणत होती!"

"मंघाशी मले वाद जिंकाचा होता. आता सांगतो, व्हिडिओवाल्या पोट्ट्याले चूक सापडली, पण कायची चूक थे त्याले समजलं नाई. जिच्या हातानं नदी उलटी वाह्यते, आख्खं राज्य जिच्यापुढं वाकते, थे बाई घरी येऊन कोणाच्या भेवानं हात बदलते? तलवार धराले चालते थो हात, अन् घास धराले नाई चालत? लढाले डावी अन् जेवाले उजवी, हे कोणतं राज्य जिंकलं वं तिनं?"

"ताई, सिनेमा हाये थो," भाऊ म्हणाला.

"अन् ही कोण हाये?" मी भाचीकडं हात केला. "माह्यं काही बिघडलं नाई म्हणते. तुले कोणी विचारलं माह्यं काय बिघडलं थे? अन् आई, धुवाचा हात म्हणतं ना? डेबऱ्यानं उजव्यानं धुवावं. साबण काय एकाच हातासाठी इकत घेतो आपण?"

"जेवताना हे काय बोलतं वं?" आई म्हणाली.

"जेवाचंच बोलून राह्यली मी."

आणि मी डावा हात ताटात घातला.

मला वाटलं होतं, हात आपोआप चालेल. इतकी वर्षं दाबून ठेवलेला हात, नुसता सोडला की झालं. कसलं काय! त्या हाताला तिकीट देता येतं, चालत्या गाडीत दांडा धरता येतो, पण घास करणं त्याला कधी कोणी शिकवलंच नव्हतं. भाकरीचा तुकडा मोडेना. मोडला तर रस्सा त्यात थांबेना. तर्री मनगटावरून कोपरापर्यंत गेली. पाटोडी उचलली ती सुटली आणि पुन्हा रस्स्यात पडून साडीवर उडाली. भाऊ पाहत होता. भावजय वाढायचं थांबली. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लाज वाटत होती. पण आता हात मागं घेतला असता तर तो कायमचाच गेला असता, आणि माझ्या एकटीचाच नाही. मी पुन्हा भाकरी मोडली.

भाची आधी नुसती बघत होती. मग म्हणाली, "आत्या, असं नाई. बोटं जवळ कर. अंगठ्यानं ढकल." सांगताना तिनं डावा हात उचलला, तशी पदराला ओढ बसली आणि आईचा खांदाही तिच्याबरोबर हलला.

मी बोटं जवळ केली. अंगठ्यानं ढकललं. अर्धा घास तोंडात गेला, अर्धा हनुवटीवरून गळ्याकडं निघाला.

"अवं माय, सांडून राह्यलं सारं," आई करवादली. "एवढी घोडी झाली अन् लेकरावानी..." आणि ती माझं तोंड पुसायला पुढं झाली. पुसायला तिनं सवयीनं पदर ओढला. पदर आला नाही. त्याचं टोक भाचीच्या मनगटाला होतं.

आई तशीच थांबली. एका हातात माझी हनुवटी, दुसऱ्या हातात ताणलेला पदर. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा पोरीकडं. मग माझी हनुवटी सोडली, दोन्ही हातांनी गाठ उकलली आणि पदरानं माझं तोंड पुसलं. जरा जोरातच पुसलं. नंतर पदर खांद्यावर टाकला, टोक कमरेला खोचलं आणि स्वतःच्या ताटात भात कालवायला लागली.

भावाच्या नजरेतून काही सुटत नाही. "आई," तो म्हणाला, "हिच्या हाताची गाठ सुटली."

"सुटली नाई," आई मान वर न करता म्हणाली. "म्या सोडली. जेव तू."

भाचीनं तोवर दुसरी पाटोडी उचलली होती.