तिरपा ठेवलेला रेडिओ

दिवाळीच्या साफसफाईत परवा मी रेडिओचं एरियल मोडलं. मोडायचं नव्हतं, नुसतं पुसायचं होतं. पण पुसणं आणि मोडणं यांतला फरक माझ्या हातांना पन्नाशीतही कळलेला नाही. काडी हातात राहिली, मागचं झाकण निसटलं आणि सेलच्या जुन्या गंजाचा आंबटसर, लोखंडी वास आला. त्या वासासरशी अमरावतीतलं आमचं तिसऱ्या मजल्यावरचं घर मागं सरलं आणि अकोटकडच्या गावातली सासऱ्यांची ओसरी समोर उभी राहिली.

रेडिओ त्यांचाच. ते गेल्यावर बायकोनं माहेराहून एवढंच मागून आणलं. ओसरीच्या खिडकीत तो कायम तिरपा बसलेला असे. एका कडेखाली खापराचा तुकडा, तोंड अर्धं भिंतीकडं, मानपान चुकलेल्या पाहुण्यासारखं. संध्याकाळी हवामान सांगायची वेळ झाली की ओसरीवरचा दिवा मालवला जाई, मोबाइलचे चार्जर उपसले जात, आणि सासरे काठीवर हनुवटी टेकून रेडिओवरच्या निवेदिकेचा आवाज ऐकत. आरतीलाही त्या घरात इतकी शिस्त मी पाहिली नाही.

एका वर्षी दसरा करून आम्ही तिथंच राहिलो होतो. सोयाबीन सोंगून, कापून झालेलं, वर्षाचं सगळं पीक वावरात उघड्यावर पडलेलं. सकाळीच वीज गेली, आणि दुपारपर्यंत मोबाइलचा टॉवरही मुका झाला. आभाळ पांढुरकं, वारा पडलेला. संध्याकाळपर्यंत ठरवायचं होतं, की पीक गोळा करून गंजी मारायची आणि ताडपत्रीखाली घालायची, का अजून एक ऊन खाऊ द्यायचं. ओलसर गंजी आतून तापते, दाणा काळा पडतो. आणि उघड्यावर पावसानं गाठलं तर शेंगेतच कोंब फुटतात. सल्ला द्यायला उरला होता एकटा रेडिओ.

आणि नेमका तोच मी सुधारायला घेतला. तो तिरपेपणा माझ्या डोळ्यांत खुपत होता. खापर फेकलं, रेडिओ ओळंबा लावल्यासारखा सरळ केला, एरियल पूर्ण ताणलं, त्याला तांब्याची तार गुंडाळून ती कपड्यांच्या तारेपर्यंत नेली. लावून पाहतो तो कढईत कुरड्या सोडल्यागत आवाज! पण आमच्याकडं जावयाला 'हात काढा' म्हणायची सोय नाही. जावई विहिरीत पडला तरी आधी पाणी फार गार नाही ना, हेच विचारतील.

"कसा वाजून राहिला, मामाजी?" मी विचारलं.

"भलता मस्त, जावईबापू!" सासरे म्हणाले. डोळे मात्र खिडकीबाहेर, वावराच्या दिशेला.

शेवटी बायको बाहेर आली. जावयाचा मान राखायची सक्ती तिच्यावर नव्हती. "बाबा, तुमी यांले काही म्हणत काऊन नाही? पाऊस काय यांच्यासाठी थांबून राहणार हाये?" तिनं तार सोडली, एरियल मिटलं, रेडिओ पुन्हा भिंतीकडं वळवला. बोटभर इकडं, बोटभर तिकडं, आणि आवाज लागला.

तसा आवाज मी त्या खिडकीत आधी कधी ऐकला नव्हता. गावात एकही बल्ब, एकही चार्जर आपली किरकिर मिसळायला जागा नव्हता. निवेदिका जणू ओसरीच्या खांबाला टेकून बोलत होती. तिनं कागद उलटला, तेही ऐकू आलं. विदर्भात तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस, एवढं सांगून ती गेली.

"तुरळक म्हंजे आपलं वावर का बाजूवाल्याचं, थे सांग ना वो बाई," सासरे म्हणाले आणि चिडून काटा सरकवला. स्टेशन सुटलं. मागं नितळ शांतता उरली, आणि तिच्यात मधूनच एक तडतड, वाळली शेंग फुटावी तशी. मी दुरुस्तीला हात पुढं केला; बायकोनं मनगट धरलं. "थांबा. तिकडं पाहा."

उत्तरेला सातपुड्याची कड अंधारत होती. तिच्यामागं उजेड लवलवला, अगदी निःशब्द. आणि त्याच क्षणी खिडकीत तड् झालं. पुन्हा लवलवला, पुन्हा तड्. ओसरीसमोरच्या निंबाचं पानही हलत नव्हतं, गडगडाटाचा मागमूस नव्हता; पण तिकडं मेळघाटापलीकडं आभाळ फाटत होतं आणि त्या फाटण्याचा आवाज आमच्या खापराएवढ्या पेटीत येऊन पोचत होता. दिवसभर जी खरखर मी कचरा म्हणून झटकत होतो, तिच्यात हेही होतं.

"इतके वर्सं ऐकून राहिलो," सासरे हळूच म्हणाले, "अन् हे मले ठाऊक नोतं."

तडतड दाट होत गेली. ते काठी टेकत उठले. "चाला." त्या संध्याकाळी जावयाला कामाला न लावायचा नेमही मोडला, आणि सासरी झालेला माझा तेवढाच एक खरा सत्कार असं मी आजही मानतो. ताडपत्रीचा शेवटचा कोपरा बांधताना पहिले थेंब पाठीवर पडले. बांधाकडचं थोडं भिजलं; बाकीचं पीक घरी आलं.

परवा मोडकी काडी बायकोपुढं धरली, तेव्हा ती रागावली नाही. रिमोटचे सेल काढून तिनं रेडिओत घातले, तो खिडकीत भिंतीकडं तोंड करून ठेवला. नुसता कल्लोळ! तिनं जाऊन घराची मुख्य कळ खाली ओढली. फ्रीज थबकला, दिवे गेले, कल्लोळ ओसरला. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा थोडा उरला तेवढाच. ओसरी गेली, काठीवर टेकलेली हनुवटी गेली. वाटलं, माणसांनी ऐकायचं सोडलं तरी आभाळ बोलायचं थांबत नाही; आपणच आपला गलबला इतका वाढवून ठेवलाय, की त्याला आत यायला जागा नाही.

तड्. बाहेर अमरावतीवर ढगाचं नाव नव्हतं. तड्, तड्. बायको खिडकीच्या गजावर हनुवटी टेकून बराच वेळ ऐकत राहिली. मग माझ्याकडं न पाहता म्हणाली, "गच्चीवर कपडे हायेत. काढून आना, जावईबापू."