बाईंचे बिननावाचे कागद

आमच्या शास्त्राच्या बाई अवघड प्रश्न विचारला की वर्गाकडे पाठ करून उभ्या राहायच्या. "तोंडाकडं बघून मूल खरं सांगत नाही," असं त्यांचं म्हणणं. कडेगावजवळच्या आमच्या शाळेत सत्तरनंतरच्या काळात त्या तीन-चार वर्षं होत्या. शिक्षिका म्हणून त्या एकट्याच, त्यामुळे नुसतं 'बाई' म्हटलं तरी पुरायचं.

एकदा नववीतल्या मुलांच्या खिशात विड्या सापडल्या. हेडमास्तरांनी त्यांना छडीनं फोडून काढलं आणि दर शनिवारी दप्तरं तपासायचं ठरवलं. बाई म्हणाल्या, आधी पोरांना विचारून तर बघू. त्यांनी प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर सहा प्रश्न लिहिले. विडी, तंबाखू, गांजा यांतलं काही घेता का, पहिल्यांदा कोणी दिलं, का घेतलं, सोडावंसं वाटतं का, असे. कागदावर नाव घालायचं नाही. अक्षर ओळखलं जाईल अशी भीती असेल, त्यानं डाव्या हातानं लिहावं.

मी डाव्या हातानंच लिहिलं. दाढ दुखायची म्हणून आईनं मला मिश्री लावायला शिकवलं होतं. पुढं दुखणं थांबलं, मिश्री थांबली नाही. सकाळी ती जळकी तंबाखू हिरड्यांना लावली नाही, की दिवसभर डोकं उठायचं.

बाईंनी मुलामुलींचे वेगवेगळे गोळा केलेले कागद मोजले, तर मुलांपेक्षा मुलींच्याच कागदांवर तंबाखू जास्त. अक्षरं ताडून मुली शोधा, असा हेडमास्तरांचा हुकूम झाला. पुढचं आम्हाला शिपाईमामांनी सांगितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "नावं मिळतील, सर. पण पुढच्या वर्षी खरं मिळणार नाही. उत्तरं मी वहीत उतरवून घेतलीत. कागद सकाळीच चुलीत घातले."

दप्तरं तपासायचं राहून गेलं. बाईंनी आयांना शाळेत बोलावलं आणि उपदेश न करता वहीतली उत्तरं तेवढी वाचली. आईनं दिली. आजीनं दिली. सोडायचीय, पण जमत न्हाई. घरी येताना उसाच्या बांधावर आई थांबली.

"त्यातला एक कागद तुझा व्हता व्हय गं?"

मी मान हलवली. ती म्हणाली, "मग दोघी मिळून सोडू. मला एकटीला जमायचं न्हाई."

बाईंनी डॉक्टर आणून सगळ्या मुलींचे दात दाखवले. माझी किडकी दाढ काढून टाकली. डोकं धरून बसलेल्या मुलीशेजारी त्या मधल्या सुट्टीत येऊन बसायच्या. "आजचा दिवस काढ, उद्याचं उद्या." वर्षानं तेच सहा प्रश्न पुन्हा फळ्यावर आले. या खेपेला मिश्रीचे कागद बरेच कमी भरले, आणि ते सगळ्या शाळेला हेडमास्तरांनीच अभिमानानं सांगितलं.

त्यानंतर बाईंची वाईला बदली झाली. एस.टी.त बसवून देताना मी धीर करून म्हणाले, "बाई, पहिल्या वर्षी मीपण मिश्री लिहिली होती."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "मी आयांना वही वाचून दाखवली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुझी आई येऊन गेली होती. म्हणाली, पोरीचं नाव कुटं येऊ देऊ नका. कुणी विचारलंच, तर माझं सांगा."