अर्धी घोषणा

आमच्या घरात पाटीच्या आधी पत्रकं आली. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. भातसा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि धरणाखालच्या पाड्यांतल्या बाया हंडे घेऊन वणवण फिरतात, म्हणून आई-बाबा शहापूरच्या तहसीलवर मोर्चे नेत. घोषणेचा पहिला अर्धा भाग आईचा, दुसरा बाबांचा.

बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन मुंबईत झालं तेव्हा मी कॉलेजात होतो. दोन-तीन दिवसांनी, ऑपरेशनच्या वेळी छातीत घातलेली नळी काढायची होती. डॉक्टरांनी समजावलं, "मोठा श्वास घ्या आणि रोखून धरा. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही. नाहीतर बाहेरची हवा छातीत शिरेल."

खाटेभोवतीचा पडदा अर्धवटच ओढला होता. बाबांचा पडलेला चेहरा आईला बाहेरून दिसला.

"लाठीला घाबरला नाय, नि नळीला घाबरता होय वो?"

बाबा हसले. त्यांनी श्वास भरला. धीर द्यायला म्हणून तिने हळूच म्हटलं, "कोण म्हणतो देणार नाय?"

"घेतल्याशिवाय राहणार नाय!" बाबांच्या तोंडून निघून गेलं. नेमकी तेव्हाच नळी बाहेर येत होती.

एक्स-रेत फुप्फुसाभोवती हवा दिसली. वाढली तर पुन्हा नळी घालावी लागेल, उद्या परत फोटो काढू, असं डॉक्टर म्हणाले. "कुणी काही न बोलताही होतं असं," हेही त्यांनी सांगितलं. मी ते ऐकलं होतं. तरी व्हरांड्यात आईवर ओरडलो, "हा काय मोर्चा आहे? गप्प कधी बसायचं तेवढं तरी कळतं का तुला?"

बायांनी बोललं पाहिजे, अशी पत्रकं मी तेव्हा स्वतः लिहीत होतो.

"खरं हाय रे तुजं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हवा कमी झालेली दिसली. पुढे ती आपोआप जिरली. मी आईला फक्त फोटो चांगला आल्याचं सांगितलं. कुणी न बोलताही असं होतं, हे डॉक्टरांचं वाक्य मात्र तिला सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात टँकरसाठी मोर्चा निघाला. सगळे आईकडे बघत थांबले.

"वैनी, द्या की आवाज!"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. शेवटी पहिला भागही बाबांनीच दिला. लोक गरजले. आईचे ओठ मिटलेले होते. बाबांच्या पाठीवर हात ठेवून ती त्यांचा श्वास चाचपत चालली होती. मी तिच्या मागे होतो. माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता आणि वाटायला हात पुढे होत नव्हता.