धुरपताच्या छतावरचं यंत्र

भंडाऱ्यात हमरस्त्याच्या चौकाला लागून धुरपताचं दोन खोल्यांचं घर. नवरा तेजराम याने ओसरीत सायकलदुरुस्ती मांडली, तेव्हा समोरून बैलबंड्या आणि सायकलीच जायच्या. पुढे गोंदिया वेगळा जिल्हा झाला, पण भंडारा काही आटलं नाही, फुगतच गेलं. रेतीचे ट्रक, ऑटो, वरठीच्या कारखान्याकडे सुटलेल्या मोटरसायकली. त्या गर्दीत पंक्चर काढता काढता तेजराम खोकून खोकून गेला. लोक म्हणाले, बिडीने नेला. तेजरामने जन्मात बिडी ओढली नव्हती.

तो गेल्यावर काही वर्षांनी नागपूरच्या कॉलेजातली भावना नावाची मुलगी दारात आली. शहरातल्या गाड्या किती धूर सोडतात, याचा अंदाज तिला काढायचा होता. तिचे सोबती चौकात ट्रक, ऑटो, दुचाक्या वेगवेगळ्या मोजणार होते, आणि हवा ओढणारं एक यंत्र तिला उंचावर ठेवायचं होतं. धुरपताने आपलं छत दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावनाने यंत्रातला कागद काढला. घालताना पांढराशुभ्र होता, आता तव्याच्या बुडासारखा दिसत होता.

"हे काय होय, पोरी?"

"हवेतला धूर आणि धूळ, मावशी. एका दिवसाची."

धुरपताने छतावरून वाकून पाहिलं. खाली तिची सून रत्नमाला दारात तांदूळ निवडत बसली होती. सातवा महिना लागलेला. समोर थांबलेल्या ट्रकचा धूर थेट तिच्या तोंडावर येत होता.

"पोटातल्या लेकराले बी लागते का हे?"

"लागू शकतं," भावना हळूच म्हणाली. "किती, ते मला सांगता येणार नाही. आमचा अंदाज अख्ख्या शहराचा, एका घराचा नसतो."

ते ऐकून धुरपता जास्तच भ्याली. तिने खिडक्या लावल्या, फटींत ओली फडकी कोंबली. आत रत्नमाला उकाड्याने घामाघूम व्हायची. ती जरा खोकली की धुरपताच्या हातातलं काम गळून पडायचं. तेजरामचा खोकलाही असाच सुरू झाला होता, कोरडा, बारीक.

मुलगा सुगत वैतागला. "आई, तू काहून एवढी भिऊन राहिली? अख्खं गाव हेच हवा घेऊन राहिलं."

"तुह्या बापानं बी हेच घेतली," ती म्हणाली.

रविवारी सुगतने रत्नमालेला लाखांदूरच्या एसटीने माहेरी पोचवलं.

मुलगी तिथेच झाली, धडधाकट. धुरपता आनंदाने रडली, पण नातीला चौकात आणू देईना. शेवटी सुगतने भंडाऱ्याबाहेर, धानाच्या शेतांना लागून खोली केली आणि सगळे तिकडे राहायला गेले. काही महिने धुरपताला नीट झोप लागली.

मग एका सकाळी नातीला कडेवर घेऊन ती बांधावर उभी होती. दोन माणसं शेतात चुन्याची रेघ ओढत होती.

"काय करून राहिले, बाबू?"

"नवा रस्ता येते, आजी. मोठ्या गाड्या सगळ्या इथूनच जाणार."

नातीचं तोंड तिने पदराखाली घेतलं. संध्याकाळी सुगत कामावरून आला, तर ती दारातच उभी. "याच्याहून दूर," तिने विचारलं, "कुठी जागा भेटन का?"