कामठी रोडवरचा शनी

भाऊजी गेल्याचा फोन कन्हानला आमच्या खाणीच्या ऑफिसात आला, तेव्हा मी हजेरीपट चाळत बसलो होतो. बहिणीच्या शेजाऱ्यांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि फोन ठेवला. मी नागपूरची बस पकडली, आणि खरं सांगतो, दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. आता हा माणूस माझ्याकडे तसं बघणार नाही... गेली दहा-अकरा वर्षं ते माझ्याशी बोलत नव्हते असं नाही. "ये, बस", "चहा घे", "पोरं बरी आहेत ना?" पाहुण्याशी बोलावं तसं. त्याआधी मी त्यांच्या घरी कधी पाहुणा नव्हतो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये म्हणतात. त्यांच्याबद्दल वाईट लिहायला माझ्यापाशी काही नाहीच. जे वाईट आहे ते माझ्याबद्दल आहे, आणि थोडंफार आपल्या सगळ्यांबद्दल.

बळीरामजी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसियर. दिवसभर पाय गरम डांबरावर आणि डोकं आभाळात, असा कारभार. सकाळी दहा वाजता भर रस्त्यात सायकल थांबवून ते मला पश्चिमेकडे बोट दाखवायचे. "पाह्य गा तिकडं. दिसते का नाही चंद्र? अर्धं नागपूर समजते का चंद्र फक्त रात्रपाळी करते." वद्य अष्टमीनंतरचा तो फिकट, ताकासारखा चंद्र मी त्यांच्यामुळेच पहिल्यांदा नीट पाहिला. त्याला स्वतःचा उजेड नाही, सूर्याचाच उजेड तो आपल्याकडे परतवतो, हे पुस्तकात मी वाचलं होतं. पण एकीकडे सूर्य, दुसरीकडे चंद्र आणि मध्ये आम्ही दोघे सायकली धरून उभे, तेव्हा ते कळलं. शिकवण्याची हौस एवढी, की बहीण चिडवायची, "यायले मास्तर व्हायचं होतं, चुकून रस्त्यावर आले."

साठच्या दशकाच्या शेवटी मैल जाऊन किलोमीटर आले आणि जुने मैलाचे दगड उपटून खात्याच्या आवारात ढीग लागला. त्या ढिगाकडे बघून भाऊजींच्या डोक्यात सूर्यमाला आली. रीतसर अर्ज करून त्यांनी दगड मिळवले. माप ठरलं, तीस कोटी किलोमीटरला एक किलोमीटर. सीताबर्डीच्या एका शाळेच्या भिंतीवर पंधरा फुटांचा सूर्य रंगवला. तिथून कामठी रोडनं निघायचं. अर्ध्या किलोमीटरवर पृथ्वी, लिंबाएवढी. तिच्यापासून चार फुटांवर चंद्र, टपोऱ्या वाटाण्याएवढा. आणि असं करत करत प्लूटो थेट कन्हानला. दर रविवारी आम्ही दोघं तीस मीटरची साखळी घेऊन निघायचो. पुढचं टोक त्यांच्याकडे, मागचं माझ्याकडे. शनीपर्यंत एकशे एकोणसाठ साखळ्या भरल्या. एक चुकली अशी मला शंका आली तर त्यांनी पुन्हा सूर्यापासून सुरुवात केली! कन्हानला शेवटचा दगड बसला तेव्हा मी विचारलं, "आता जवळचा तारा कुठं ठेवता?" ते हसून म्हणाले, "त्याले पृथ्वीवर जागाच नाही गा. या मापानं पृथ्वीले तीन चकरा मारशीन तरी तो पुढंच राहीन." एवढं आनंदी मी त्यांना नंतर पाहिलं नाही.

घात केला तो त्यांच्या काटेकोरपणानं. शनी मापात सोळा इंचांचा, पण कडी धरली तर तीन फूट. मैलाच्या दगडावर कडी मावेना. दुसरा कोणी असता तर कडी थोडी आखूड काढली असती. यांनी तीन फुटांचा काळाकभिन्न दगड आणून निंबाखाली उभा केला, त्यावर पांढऱ्या रंगानं कडी काढली आणि खाली ठसठशीत लिहिलं, "शनी. सूर्यापासून १४३ कोटी किलोमीटर." आता काळा दगड, वर निंब आणि खाली शनीचं नाव... आपल्या मुलखात याचं पुढं काय होतं हे शेंबडं पोरही सांगेल. त्यांना ते सुचलं नाही. पहिल्याच शनिवारी दगडावर तेल होतं.

आधी ते हसले. रॉकेलचा बोळा घेऊन पुसून आले. पुढच्या शनिवारी तेलावर रुईच्या पानांची माळ, मग नारळ, मग ट्रकवाले थांबू लागले. एकदा एका म्हातारीला त्यांनी अडवलं. "बाई, हा देव नोहे, ग्रह आहे." ती म्हणाली, "मंग मी काय म्हणून राहिली भाऊ? ग्रहच तं आहे. म्हणूनच तं तेल वाहतो." बाकीच्या दगडांची गत सांगायला नको. मंगळावर कोणीतरी कपडे धुवायला लागलं, गुरू एका घराच्या पायरीत गेला, युरेनस कुठं गेला कोणालाच ठाऊक नाही. ज्याची साडेसाती नाही त्याला कोण विचारतो? शनीवर मात्र टिनाचं छप्पर आलं.

तरी ते हरले नव्हते. दर महिन्याला रंगाचा डबा घेऊन जायचे, तेल खरवडायचे आणि कडी नव्यानं काढायचे. त्याच दिवसांत मी दोन वर्षं नोकरीविना घरी होतो. आईनं पत्रिका दाखवली, साडेसाती निघाली. "एक शनिवार जाऊन ये, तुह्या बापाचं काय जाते?" असं ती रोज म्हणायची. मी गेलो. दुसरा शनी नव्हता का नागपुरात? होता. पण हा रस्त्यात होता, आणि खोटं कशाला बोलू, लोक म्हणायचे हा पावतो. वाटी उपडी केली, हात जोडले, डोळे उघडले तर समोर भाऊजी. हातात रंगाचा डबा. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "साखळीचं दुसरं टोक तुह्याच हातात होतं ना गा?" आणि सायकल वळवून गेले. महिनाभरात मला कन्हानची नोकरी लागली. आई आजही त्याचं श्रेय दगडाला देते.

पुढं त्यांनी दगड हलवायचा शेवटचा प्रयत्न केला. चार मजूर घेऊन गेले. लोक जमले. हा देव नाही, मी स्वतः बसवलेला दगड आहे, हे ते सांगत होते, तेवढ्यात गर्दीतून एक जण म्हणाला, "तुमचा साळाच तं तेल टाकून गेला जी. आधी घरच्यायले समजवा." मजूर पाय मागे घेऊन उभे राहिले. भाऊजी परत आले आणि तिकडे पुन्हा फिरकले नाहीत. हे मला बहिणीनं सांगितलं. त्यांनी कधी एका शब्दानं विचारलं नाही. मीही माफी मागितली नाही. मागता आली असती... वर्षं पुष्कळ होती.

तेरवीनंतर पंधरा दिवसांनी बस त्या निंबापाशी थांबली. आता तिथं सिमेंटचं देऊळ आहे. दारावर नवी संगमरवरी पाटी, तिच्यावर भाऊजींचा हार घातलेला फोटो आणि खाली अक्षरं, "संस्थापक, कै. बळीरामजी". माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उतरलो, तिथल्या माणसाशी भांडलो. तो शांतपणे म्हणाला, "दगड त्याहीनंच बसवला ना जी? अन् फोटो तुमच्याच बहिणीनं देला." मी तसाच बहिणीकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हो, मीच देला. खात्यानं नाही लावला, शाळेनं नाही लावला, तू तं लावणारच नव्हता. कुठंतरी राहू दे त्यायचं नाव."

आता दर आठवड्याला माझी बस तिथून जाते, कंडक्टर छातीला हात लावतो, बायका पुटपुटतात. मी त्या फोटोला हात जोडतो. शेजारचा प्रवासी मला शनिभक्त समजतो. समजू दे. एकदा होतोच.