दमणीतून पाहिलेला सामना

नंदुरबारला जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या मागं आमचं फुटबॉलचं मैदान होतं. त्याला मैदान म्हणणं ही आमची श्रीमंती. हंगामात तिथं कापसाच्या गाड्या सुटायच्या आणि पावसाळ्यात तीच काळी जमीन माणसं गिळायची. एका सामन्यात आमचा एक गडी कमरेपर्यंत रुतला आणि त्याला दसऱ्याला उपटून काढला, असं मी सांगत असे. विश्वास ठेवणारे लोक त्या काळी बरेच होते.

कप नाही, ढाल नाही. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांना गोडी शेव खाऊ घालायची, एवढाच आमचा मान. गोल म्हणजे दोन बांबू आणि वर सुंभाची दोरी. त्या बांबूंच्या मधे माझे मामा उभे असत. एरवी मामा म्हणजे जमीनजुमल्याचे भारदस्त शेतकरी, धोतराचा सोगा कधी ढळायचा नाही. पण सामना असला की गुडघ्यावर चड्डी चढवून ते गोलात शिरायचे.

मामींनी हे कधी पाहिलं नव्हतं. अर्ध्या चड्डीतले पुरुष चिखलात लोळतात, तिथं पाटलाघरची सून जाणार कशी? त्यामुळं प्रत्येक सामना त्यांना माझ्या तोंडून कळायचा. मी भाचा, त्यांच्याच घरी वाढलेलो, आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. मामांनी एका हातात चेंडू झेलला आणि दुसऱ्या हातानं विडी पेटवली. मामांनी उडवलेला चेंडू वर गेला तो पुढच्या बाजाराच्या दिवशी खाली आला, भाजीवालीच्या टोपलीत. मामी भाकरी थापत सगळं ऐकायच्या आणि शेवटी एकच विचारायच्या.

"त्यास्ले लागनं त नही ना?"

त्या स्वतः खोटं बोलत नसत. घरात ते काम माझ्याकडे होतं.

मग एका वर्षी मामांचा गुडघा बोलू लागला. संघानं ठरवलं की श्रावणातला एक सामना झाला की गोलात जिनातला तरणा फिटर उभा राहील. मामा घरी काहीच बोलले नाहीत, मीच बोललो. सामना राखीच्या आदल्या दिवशी होता, आणि त्याच दिवशी मामींना भावाच्या गावी पोचवायला मी दमणी जुंपत होतो. दमणी म्हणजे वर कमानीचं छत आणि दोन्ही अंगांना पडदे असलेली आमच्याकडची बायकांची गाडी. मामी आत बसल्या, पडदा सारखा केला आणि आतून म्हणाल्या, "गाडी जिनकडथाईन ले. एकदाव माले मन्हा डोयाघाई देखनं शे."

मामींचा हा बेत मला आदल्या रात्रीच कळला होता आणि ही वर्दी मी मामांना पोचवली होती. त्या सकाळी त्यांनी दाढी केली. भर पावसात गोलात उभं राहायला माणूस दाढी करतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पाऊस म्हणजे काय, तापी उभी करून ठेवली होती. मी दमणी मामांच्या गोलाशी, उजव्या बांबूच्या अगदी बाजूला लावली आणि पडद्याची फट तिकडे केली. बघितलं तर सामना अडलेला. चेंडूतलं रबर फुटलं होतं आणि नवं यायचं तर सुरतेहून. नवापूरहून आमच्याशी खेळायला आगगाडीनं आलेले रेल्वेवाले छत्र्या धरून उभे होते. आमचे कप्तान एक चाचा होते, गावात घोड्यांची खोगिरं शिवायचे. त्यांनी दाभण काढलं, चेंडूत जिनातली रुई ठासून भरली आणि टाके घातले. उन्हाळ्यात आम्ही अशा चेंडूनं कितीदा खेळलो होतो. आमच्याकडे कापूस हे सगळ्यावर औषध. कान दुखला, कापूस. छत गळलं, कापूस. नाकावरून पाण्याच्या धारा लागलेल्या असताना आम्हा कापूसवाल्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की कापूस पाणी पितो.

चेंडूनं आधी उजवीकडचं डबकं प्यायलं, मग डावीकडचं. मग तो म्हशीच्या वासराएवढा जड झाला. एका रेल्वेवाल्यानं त्याला लाथ घातली, तर चेंडू जागेवर आणि रेल्वेवाला आडवा. पुढं कुणी लाथ मारेना, सगळे मिळून ढकलू लागले. सगळी ढकलाढकली त्यांच्याच गोलाकडं चालली होती, कारण वारा आमच्या पाठीशी होता. मामांकडं चेंडू फिरकलाच नाही. ते नुसते उभे होते, हात पुढं करून, भिजत. मामी फटीतून बघत होत्या. मला वाटलं कंटाळतील. पण आतून बांगड्यांचासुद्धा आवाज येत नव्हता.

मध्यंतर झालं. आता बाजू बदलणार, मामा पलीकडच्या गोलात जाणार. मी बैलांना डिवचलं, पण चाक निम्म्यापर्यंत रुतलेलं, दमणी जागची हलेना. मामा मैदानातून निघाले ते मान मागं वळवून, शाळेत पोर सोडून निघालेल्या बापासारखे.

चाचांनी ते पाहिलं. दमणीपाशी आले, पडद्याकडं पाठ करून उभे राहिले आणि गाडी कुठं चाललीय एवढंच मला विचारलं. राखीला, मी म्हणालो. पुढं काही न विचारता ते सरळ रेल्वेवाल्यांकडं गेले आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की आमच्या मैदानाचा आजोबांच्या वेळेपासूनचा रिवाज आहे, पावसात बाजू बदलत नाहीत. मी जन्मभर थापा मारल्या, पण त्या थापेपुढं मी मनातल्या मनात टोपी काढली. पाऊस तसाच होता, पण वारा फिरला होता. आता तो रेल्वेवाल्यांच्या पाठीशी होता, त्यामुळं चाचांचं वाक्य संपायच्या आत त्यांनी होकार दिला. आमचे गडी चाचांवर धावून आले. चाचा त्यांच्या कानात काहीतरी बोलले. एकेकानं दमणीकडं पाहिलं, लगेच नजर वळवली आणि गुमान आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

मग अख्खा सामना मामांच्या अंगावर आला. अडलेलं इंजिन ढकलावं तसे रेल्वेवाले चेंडू ढकलत आणत आणि आमचे लोक त्यांच्या पायांत पडत. शेवटी एकदा पंधरा-वीस जणांचा डोंगर चेंडूसकट गोलात घुसला. मामांनी अंग टाकलं आणि डोंगर त्यांच्यावर कोसळला. आरडाओरड्यानं बैल बुजले. त्यांना आवरण्यात माझं बघणं राहिलं. एकेक माणूस उचलून बाजूला केला, तेव्हा तळाशी मामा होते, पालथे, चेंडू छातीशी कवटाळून.

चेंडू रेघेच्या आत की बाहेर? रेघ राखेनं आखलेली होती, ती केव्हाच वाहून गेली होती. आणि मामा उठताना थोडे सरकले होते. पंच म्हणजे स्टेशनातला पार्सलबाबू, त्यानं छत्रीखालून काही दिसलं नाही म्हणत हात झटकला. दोन्ही बांबू एका ओळीत दिसतील अशा जागी एकच जण बसलेलं होतं.

चाचा पुन्हा पाठ करून उभे राहिले. "भांजे, तेरे बैलों ने देखा होगा. पूछ ले जरा."

मी पडद्याकडं कान नेला. खरं सांगायचं तर 'बाहेर' हा शब्द माझ्या ओठांवर तयारच होता. पण मामी मला सांगण्याऐवजी स्वतःच बोलल्या. त्यांचा आवाज ओसरीबाहेर तोवर कुणी ऐकला नसेल.

"चेंडू आत गया. पन त्यास्नी सोडा नही."

मामा तसेच चिखलात बसले होते. मग त्यांनी चेंडू पार्सलबाबूच्या पायांशी ठेवला आणि म्हणाले, "गोल शे." रेल्वेवाल्यांतला एक म्हातारा गार्ड दमणीकडं न बघता दमणीच्या दिशेनं वाकला.

आम्ही हरलो. दमणी ढकलून काढायला दोन्ही संघ लागले. मामा खरं तर घरी जायचे, ते मागं चढून बसले, गोणपाट पांघरून. भावाचं गाव दोन कोसांवर होतं. मी समोर बघून बैल हाकत होतो, पण कान काही समोर बघत नव्हते.

मामी विचारत होत्या. चेंडूला हात लावायची मुभा त्यांना एकट्यालाच का? तिथंच उभं राहा असं कुणी सांगितलं? चेंडू येत नाही तेव्हा मनात काय चालतं? घरात जेवणापुरतं बोलणारे मामा एकेका प्रश्नाचं उत्तर देत होते, सावकाश, हातांनी हवेत दाखवत. असे बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मग मामींनी विचारलं, "ते समदा तुम्हना आंगवर उनात, तव्हय भ्याव वाटना का?"



"हां, वाटना," मामा म्हणाले. "तू देखी ऱ्हायनी व्हती ना."

भावाच्या गावाचा फाटा समोर दिसायला लागला. मी बैलांना नदीकडच्या लांबच्या वाटेला वळवलं.