कमरेला खरारा खोचलेला शिपाई

जुन्या फोटोतला शिपाई कुठल्या कामावर होता, हे त्याच्या पट्ट्या-पगडीवरून ओळखायचा मला नाद आहे. नवरा म्हणतो, भिवंडीच्या बाजारात समोरून येणारी नणंद हिला दिसत नाही, मेलेल्या शिपायाची बटणं मात्र बरोबर दिसतात. दिसतात खरी. नणंदेचं काय, ती पुन्हा भेटतेच.

माझा हा नाद ऐकून गेल्या महिन्यात गणेशपुरीकडच्या पाड्यावरून एक म्हातारी मावशी आली. सोबत मानकोलीच्या गोदामात कामाला असलेली तिची मुलगी. मावशी पोटात असताना तिचा बाप नवा भरती होऊन दुसऱ्या महायुद्धावर गेला, तो परतलाच नाही. आईही लवकर गेली. मागे उरला पाच शिपायांचा एक फोटो. मधला मिशीवाला, रुबाबदार, तोच बाप असं घरात सगळ्यांनी धरून चाललेलं. दर दसऱ्याला त्यालाच कुंकू लागायचं. आता फोटो मोठा करून नव्या घरात लावायचा होता. खाली हुद्दा काय लिहायचा, एवढंच त्या विचारायला आल्या होत्या.

मी भिंग घेतलं. मिशीवाल्याच्या बाहीवर तीन फिती होत्या. म्हणजे हवलदार.

"मावशी, वडील पलटणीत काय करायचे, काही ठाऊक आहे?"

"खेचरांवर व्हता, येवढंच आजा सांगं. त्यो आंधळा, फोटो त्याला दावून उपेग नव्हता."

खेचरं सांभाळायला नुकताच भरती झालेला माणूस एवढ्यात हवलदार कसा होईल? चौघांच्या खांद्याला रायफली होत्या, छातीवर काडतुसांचे पट्टे. कडेच्या कोवळ्या पोराकडे मात्र हत्यारच नव्हतं. खांद्यावर दोराचं वेटोळं आणि कमरपट्ट्यात खोचलेला खरारा, जनावराचं अंग घासायचा.

'हवलदार लिहा' म्हणून मोकळं होता आलं असतं. तिचं वय बघून तसं वाटलंही. पण एवढ्या लांबून ती बापाबद्दल विचारायला आली होती. मी कडेच्या पोरावर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं.

मुलगी भडकली. "बाई, म्हणजे आम्ही इतकी वर्षं परक्याला पुजलं?"

मावशीने माझ्या हातातलं भिंग घेतलं आणि फोटोवर वाकली. पाचांत तो पोरगा एकटाच हसत होता, दात दिसेपर्यंत.

"मी बाला लय भ्यायची," भिंगातून डोळा न काढता ती म्हणाली. "त्या मिशीकडं बघून वाटं, यो घरी असता तर मला मारलं असतं."

मग पदराने डोळे पुसून पुन्हा त्या पोराकडे बघत म्हणाली, "यो न्हाय मारायचा."